देनिल्सन (ब्राझिलियन फुटबॉलपटू)

देनिल्सन दि ऑलिव्हेरा अराउजो (जन्म : २४ ऑगस्ट १९७७, दियादेमा, साओ पावलो राज्य) हा ब्राझीलचा माजी फुटबॉलपटू असून निवृत्तीनंतर तो दूरचित्रवाणीवरील फुटबॉल विश्लेषक म्हणून ओळखला जातो. डाव्या पायाचा हा मिडफिल्डर प्रामुख्याने डाव्या बगलेवरून खेळे. चेंडूवरून पाय भराभर फिरवून समोरच्या बचावपटूला चकवणे ही त्याची खासियत. एकेकाळी तो जगातील सर्वांत महागडा खेळाडू होता, आणि त्या किमतीने पुढे आयुष्यभर त्याचा पिच्छा पुरवला.

साओ पावलो क्लबकडून १९९४ साली, वयाच्या सतराव्या वर्षी तो व्यावसायिक फुटबॉलमध्ये उतरला. १९९७ मध्ये कोपा अमेरिका आणि कॉन्फेडरेशन्स चषक जिंकणाऱ्या ब्राझील संघात तो होता. कॉन्फेडरेशन्स चषकात तर स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान त्यालाच मिळाला. १९९८ मध्ये स्पेनमधील सेव्हिलच्या रिअल बेटिसने त्याच्यासाठी सुमारे २ कोटी १५ लाख पौंड मोजले. हा तेव्हाचा विश्वविक्रम. विशेष म्हणजे तो रिअल माद्रिद किंवा बार्सिलोनाने नव्हे, तर बेटिससारख्या मधल्या वकुबाच्या क्लबने केला. क्लबचे अध्यक्ष मान्युएल रुइझ दे लोपेरा यांची हौस त्यामागे होती. वर्षभरातच इंटर मिलानने क्रिश्चियन व्हिएरीसाठी त्याहून मोठी रक्कम देऊन विक्रम मोडला.

बेटिसमध्ये अपेक्षेइतके काही घडले नाही. सात वर्षांत लीगमधले त्याचे गोल जेमतेम डझनभर. १९९९–२००० च्या हंगामात तर क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरला. देनिल्सन काही काळ उसनवारीवर रिओच्या फ्लामेंगोकडे जाऊन आला. मात्र त्याला सरसकट अपयशी ठरवणे अन्यायाचे आहे. त्याचे काम मुळात गोल करण्याचे नव्हते; आणि परतल्यावर, उजवीकडे तरुण होआकिन व डावीकडे हा, अशा जोडीचा खेळ पाहणे हा बेटिसच्या चाहत्यांसाठी आनंदच होता. २००५ मध्ये बेटिसने स्पेनचा राजेचषक जिंकला, तोवर त्याची जागा बहुधा राखीव बाकावर असे.

राष्ट्रीय संघातही तो बव्हंशी बदली खेळाडूच राहिला. १९९८ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मध्यंतरानंतर तो लिओनार्दोच्या जागी उतरला, पण फ्रान्सने ब्राझीलला ३–० असे हरवले. २००२ च्या विजेत्या संघाचाही तो सदस्य होता. दोन विश्वचषकांत मिळून ११ वेळा तो बदली म्हणून मैदानात आला. त्याचे सर्वांत गाजलेले दृश्य याच भूमिकेतले आहे. २६ जून २००२, साइतामा, तुर्कस्तानविरुद्धचा उपांत्य सामना. ब्राझील १–० ने पुढे, वेळ संपत आलेली. देनिल्सन चेंडू घेऊन कोपऱ्याच्या झेंड्याकडे निघाला आणि तुर्कस्तानचे चार खेळाडू त्याच्यामागे धावले. त्या क्षणाचे छायाचित्र जगभर झळकले. गोल झाला नाही, करायचाही नव्हता. वेळ काढायची होती, ती निघाली. अंतिम सामन्यात तो शेवटच्या क्षणी रोनाल्डोच्या जागी आला.

२००५ नंतरची कारकीर्द म्हणजे निव्वळ भटकंती. फ्रान्समधील बोर्दो, सौदी अरेबियातील अल नासर, मग २००७ मध्ये अमेरिकेतील एफसी डॅलस, जिथे आठ सामने आणि एक गोल. मायदेशी परतून पाल्मेइरासकडून २००८ ची साओ पावलो राज्य स्पर्धा त्याने जिंकली, हे या काळातले एकमेव ठळक यश. पुढे गोयास राज्यातील इतुंबियारा. व्हिएतनामच्या हाय फोंग क्लबकडून एकच सामना, त्यात फ्री-किकवर एक गोल, आणि दुखापतीमुळे परती. ग्रीसच्या कावालाकडून तर एकही सामना न खेळता २०१० मध्ये तो थांबला.

त्यानंतर बांद वाहिनीच्या ‘जोगो आबेर्तो’ या कार्यक्रमात सूत्रसंचालिका रेनाता फान यांच्यासोबत तो अनेक वर्षे दिसला. डावपेचांची जड चर्चा ही त्याची शैली नव्हे. थट्टामस्करी आणि स्वतःवरचे विनोद यांनी त्याने प्रेक्षक जोडला. नव्या पिढीतल्या अनेकांनी त्याला आधी पडद्यावर पाहिले, मैदानावरचा खेळ नंतर. खेळत असताना त्याने ‘सोवेतो’ या पागोजी (सांबा संगीताचा एक प्रकार) गायकवृंदाचे हक्क विकत घेतले होते. मुख्य गायक बाहेर पडल्यावर त्याच्याशी सुरू झालेला न्यायालयीन वाद दोन दशके चालला.

आर्सेनलकडून खेळलेला देनिल्सन हा वेगळा खेळाडू. तोही साओ पावलो क्लबमधूनच आलेला आणि मिडफिल्डरच असल्याने दोघांची गल्लत होते.