सही करण्याआधी व्याख्यांचं पान वाचा

मालाच्या खरेदी-विक्रीचे करार आमच्याकडून करून घेणाऱ्या सगळ्यांना एक विनंती आहे, सुरुवातीला जो व्याख्यांचा भाग असतो, म्हणजे माल, डिलिव्हरी, किंमत अशा शब्दांचा त्या करारात काय अर्थ धरायचा ते जिथे लिहिलेलं असतं, तो सोडू नका. बहुतेक जण रेट, पेमेंट आणि तारीख बघून सही करतात, पण वाद झाला की वकील आधी तेच पान उघडतो.

मालविक्री अधिनियम, १९३० प्रमाणे पैसा आणि नुसते वसुलीचे हक्क सोडले तर सगळी जंगम मालमत्ता म्हणजे माल, त्यात शेअर्स येतात आणि शेतात उभं असलेलं पीकसुद्धा येतं. सर्व्हिस मात्र येत नाही, त्यामुळे मशीनबरोबर ती बसवून देणंही ठरलं असेल तर ते काम वेगळं लिहून घ्या.

सगळ्यात जास्त गोंधळ मालकीचा होतो. मालकी लगेच गेली तर ती विक्री, आणि पुढच्या तारखेला किंवा एखादी अट पूर्ण झाल्यावर जाणार असेल तर तो विक्री करण्याचा करार, आणि हा फरक नुसता कागदी नाहीये कारण कलम २६ प्रमाणे वेगळं काही ठरलं नसेल तर जोखीम मालकीच्या मागे जाते, माल कोणाच्या गोडाऊनमध्ये पडलाय याच्याशी तिचा संबंध नाही. म्हणजे समजा तुम्ही ठरावीक एक मशीन बघून पक्की केली, ती द्यायला तयार आहे, करारात कसलीही अट नाही, पैसे आणि डिलिव्हरी पुढच्या महिन्यात, तर कायद्याने मालकी करार झाला तेव्हाच तुमच्याकडे आली, आणि मध्ये विक्रेत्याकडे आग लागली आणि त्यात त्याची काही चूक नसेल तर नुकसान तुमचं. हे ऐकून लोकांना धक्का बसतो. उलट मोठ्या ढिगातला १०० पोती माल घ्यायचा ठरला आणि कुठली १०० ते वेगळं काढलंच नाही, तर मालकी अजून सरकलेलीच नाही. म्हणून जोखीम नेमकी कधी बदलणार हे आम्ही करारात स्पष्ट लिहायला सांगतो, कायदा तशी मोकळीक देतो.

डिलिव्हरीचंही तसंच. माल पाठवायची जबाबदारी विक्रेत्यावर असेल तर त्याने तो ट्रान्सपोर्टरकडे दिला की कायदा सहसा तुम्हालाच दिला असं धरतो, त्यामुळे तुमच्या गेटवर उतरल्यावरच डिलिव्हरी हवी असेल तर तसं लिहा.

किमतीचं थोडक्यात, ती ठरलीच नसेल तर वाजवी किंमत द्यावी लागते, आणि टॅक्स धरून की सोडून ते लिहाच.

आता अट आणि हमी. इथे अट म्हणजे करारातली मुख्य बाब, आणि हमी म्हणजे तिच्या जोडीची दुय्यम बाब. अट मोडली तर करार मोडून माल नाकारता येतो, हमी मोडली तर फक्त भरपाई मागता येते. वर हमी असं नाव दिलं असलं तरी कोर्ट तिला अट मानू शकतं, पण त्या भरवशावर राहू नका, तुमच्यासाठी जे महत्त्वाचं आहे, मग ती ग्रेड असो की वजन, त्याला करारात अटच म्हणा. आणि माल आल्यावर लगेच तपासा. खराबी दिसली तर लेखी कळवा, कारण वाजवी वेळेत नकार कळवला नाही तर माल स्वीकारला असं धरलं जातं आणि मग साधारणपणे अट मोडली असली तरी हातात फक्त भरपाईच उरते. तपासायला किती दिवस हवेत ते आम्हाला आधीच सांगा, म्हणजे व्याख्येतच घालता येईल.