तपासणीसाठी अडवणूक व संघीय अपील (अमेरिका)

रीतसर अटक न करता पोलिसांनी संशयावरून एखाद्याला थोडा वेळ अडवून ठेवणे आणि त्या कृतीला अमेरिकेच्या संघीय अपील न्यायालयांत आव्हान देणे. संविधानाच्या चौथ्या दुरुस्तीने (१७९१) अवाजवी झडती व जप्तीला मनाई केली आहे. माणसाला अडवणे हीही जप्तीच मानली जाते.

या अधिकाराच्या उगमाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तो १२८५ च्या इंग्लंडमधील विंचेस्टरच्या कायद्यापर्यंत मागे नेतात. रात्री दिसलेल्या परक्या माणसाला उजाडेपर्यंत धरून ठेवण्याचा अधिकार त्याने पहारेकऱ्यांना दिला होता. पण ती अटकच होती, हा आक्षेप वजनदार आहे. १९४२ च्या सुमारास अमेरिकेत तयार झालेल्या एकरूप अटक कायद्याच्या मसुद्यात दोन तासांपर्यंतच्या अडवणुकीची तरतूद होती. मोजक्याच राज्यांनी तो स्वीकारला. त्यामुळे टेरी विरुद्ध ओहायो (१९६८) या निकालापासून सुरुवात धरणे अधिक सयुक्तिक. क्लीव्हलँडमध्ये साध्या वेशातील पोलीस मॅकफॅडन यांनी दोघांना आळीपाळीने एका दुकानाच्या काचेतून डोकावताना पाहिले. अशा सुमारे डझनभर फेऱ्या झाल्या. मॅकफॅडन यांनी त्यांना अडवून कपड्यांवरून चाचपले, तेव्हा पिस्तुले सापडली. अटकेपुरता आधार नसला तरी सांगता येण्याजोगा सकारण संशय पुरेसा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी ठरवले. न्यायाधीशालाही नसलेला अधिकार पोलिसाला मिळतो, ही एकट्या न्यायमूर्ती डग्लस यांची हरकत आजही दुर्लक्षिण्याजोगी नाही.

आरोपी प्रथम संघीय जिल्हा न्यायालयात, अडवणुकीत सापडलेला पुरावा वगळण्याचा अर्ज करतो. तो फेटाळला गेल्यास सरकार व न्यायालयाच्या संमतीने, अपिलाचा हक्क राखून गुन्हा कबूल करता येतो. अपील न्यायालय उघड चूक नसेल तर वस्तुस्थितीबाबतचे निष्कर्ष बदलत नाही. संशय पुरेसा होता का, हे मात्र नव्याने तपासते (सर्वोच्च न्यायालयाचा ऑर्नेलास निकाल, १९९६).

वेळेची मर्यादा रॉड्रिगेझ खटल्यात (२०१५) कसाला लागली. नेब्रास्कात मध्यरात्रीनंतर रस्त्याच्या कडेला गेलेली गाडी थांबवून पोलिसाने लेखी ताकीद दिली, कागदपत्रेही परत केली. मग अमली पदार्थ हुंगणारा कुत्रा गाडीभोवती फिरवू का, असे विचारले. चालकाने नकार दिला, तरी त्याला उतरवून गस्तीच्या गाडीपुढे उभे केले. सात-आठ मिनिटांत कुत्र्याने अमली पदार्थाचा इशारा दिला. आठव्या सर्किटने (त्या भागाच्या संघीय अपील न्यायालयाने) हा विलंब क्षुल्लक ठरवला होता. सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो निर्णय रद्द केला. फेरसुनावणीत मात्र पोलिसाने तत्कालीन निकालांवर सद्भावनेने विसंबून कृती केली, या कारणाने पुरावा ग्राह्य धरला गेला आणि शिक्षा कायम राहिली.