धमनीच्या भिंतीतला दाह आणि माटोळीतली कळलावी

चतुर्थीला गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीत, म्हणजे माटोळीत, बांधली जाणारी, ज्वाळेसारख्या पाकळ्यांची कळलावी गोव्यात नव्याने ओळख करून द्यावी अशी नाही. तिच्या कंदात व बियांत कोल्चिसिन हे द्रव्य असते. गाऊट या सांध्यांच्या विकारावरील हे जुने औषध २०२३ साली अमेरिकेत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका कमी करण्यासाठीही मान्य झाले.

सांध्यांच्या औषधाचा हृदयाशी संबंध काय? नळात गाळ साचावा तसे कोलेस्टेरॉल साचून धमनी तुंबते, ही रूढ समजूत येथे आड येते. कोलेस्टेरॉल वाहत्या रक्ताच्या मार्गात नव्हे, तर धमनीच्या भिंतीत, अस्तराखाली अडकते. अमुक रसाने धमन्या धुऊन निघतात असे सांगणारे मोबाईलवरचे संदेश म्हणूनच निराधार आहेत.

अस्तराखाली अडकलेल्या एलडीएल, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या, कणांत रासायनिक बदल होतात. त्यांना गिळण्यासाठी रक्तातील पांढऱ्या पेशी आत शिरतात आणि भक्षक पेशी बनतात. गिळलेले कोलेस्टेरॉल पेलवेनासे झाले की त्याचे अणकुचीदार स्फटिक बनतात, ते पेशीतील पाचक पिशवीला, म्हणजे लायसोसोमला, इजा करतात, आणि त्या इजेमुळे एनएलआरपी-३ हा प्रथिनसमूह जुळून इंटरल्युकिन-१ बीटा हा दाहाचा संदेश बाहेर पडतो, जो आणखी पांढऱ्या पेशींना बोलावतो. गाऊटमध्ये यूरिक आम्लाचे स्फटिक सांध्यात हीच यंत्रणा जागी करतात! दाह धुमसत राहिला की भक्षक पेशींची विकरे भिंतीत तयार झालेल्या कोलेस्टेरॉलच्या गाठीवरचे, कोलॅजन या चिवट प्रथिनाचे आवरण कुरतडतात. ते फाटले की तेथे रक्त गोठते, आणि अँजिओग्राफीत किरकोळ दिसलेली गाठही धमनी बंद करू शकते.

या विचाराची कसोटी २०१७ च्या कँटोस चाचणीत, दहा हजारांहून अधिक रुग्णांवर लागली. इंटरल्युकिन-१ बीटाला अडवणाऱ्या कॅनाकिनुमॅब या औषधाने, एलडीएल कमी न करताही, झटका, पक्षाघात व हृदयमृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी घटवले; मात्र जीवघेणे संसर्ग वाढले.

कोल्चिसिन पेशीतील सूक्ष्मनलिका, म्हणजे तिच्या आतल्या सांगाड्याचे धागे, जुळू देत नाही, त्यामुळे पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावते. स्थिर हृदयरोग असलेल्यांत, रोज अर्धा मिलिग्रॅम दिल्याने लाभ झाल्याचे २०२० च्या चाचणीत दिसले. नुकताच झटका आलेल्या सात हजारांहून अधिक रुग्णांच्या २०२४ च्या चाचणीत मात्र तो दिसला नाही. कळलावी घरात आणल्यास भांडणे लागतात ही समजूत खुळी आहे, पण तिचा कंद घरगुती औषध म्हणून खाणे प्राणघातक ठरू शकते, कारण त्यातील कोल्चिसिनची मात्रा कोणालाही मोजून घेता येत नाही.