कासांका : एक कोटी वटवाघळांची सफारी

आफ्रिकेतली सफारी म्हटली की आपली मंडळी केनिया-टांझानियाच्या पलीकडे फारशी जात नाहीत. झांबियातल्या कासांका राष्ट्रीय उद्यानाचं नाव तर बहुतेकांच्या कानावरही आलेलं नसतं. क्षेत्रफळ जेमतेम ४०० चौरस किलोमीटर. सिंह बघायची हौस असेल तर इथे जाऊच नये. इथे जायचं ते वटवाघळं बघायला, आणि तेही ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरपर्यंत, म्हणजे उकाडा आणि पाऊस अंगावर घेत.

टांझानियातल्या सेरेंगेटीत कळपाने फिरणारे वाइल्डबीस्ट, म्हणजे गायीसारखे दिसणारे मोठे कुरंग, साधारण १३ लाख. कासांकात जमणाऱ्या फलाहारी वटवाघळांचा अंदाज ८० लाख ते १ कोटी! एकेकाचं वजन पाव किलोच्या आसपास, पंख पसरले की पाऊण मीटर. हिशेब मांडला तर दोन-अडीच हजार टन वजन दलदलीतल्या एका लहानशा सदाहरित रानात उलटं लटकतं. फांद्या मोडतात त्या उगाच नाही.

इतका मेळा इथेच का? उत्तर पोटात आहे. पावसाच्या तोंडावर भोवतालच्या मिओम्बो नावाच्या विरळ पानगळी जंगलात मसुकू, वॉटरबेरी अशी फळं एकदम पिकतात. वॉटरबेरी ही आपल्या जांभळाची चुलत बहीण, दोघी सिझिजियम प्रजातीतल्या. दिवसा दाट सावली, रात्री कित्येक किलोमीटरवर चारा. ही वटवाघळं आवाजाच्या प्रतिध्वनीवर नव्हे, डोळ्यांवर आणि नाकावर विसंबतात. खाल्लेल्या फळांच्या बारीक बिया विष्ठेतून दूरवर पडतात. तुटक्या जंगलांत झाडं पुन्हा उगवण्यामागे या उडत्या माळ्यांचा मोठा हात असतो.

झाडांवर मचाणं बांधलेली आहेत. संध्याकाळी सगळी वटवाघळं उडतात तेव्हा आभाळ झाकोळतं. पण माझं मत पहाटेला. परतणाऱ्या थव्यांवर गरुड झडप घालतात ते तेव्हा उजेडात दिसतं.

उपग्रहाद्वारे माग काढल्यावर कळलं, की इथून निघालेली वटवाघळं काँगोच्या दिशेने शेकडो किलोमीटर जातात. तिथे मांसासाठी त्यांची शिकार होते. इथला धोका निराळा. वजनाने फांद्या मोडून छत विरळ होतं, ऊन आत शिरतं, जमीन वाळते आणि कोरड्या मोसमातले गवताचे वणवे रानाच्या कडा खाऊ लागतात. त्यामुळे वटवाघळं यायच्या कितीतरी आधी रानाभोवती जाळरेषा, म्हणजे वणवा अडवण्यासाठी गवत काढून मोकळे केलेले पट्टे, काढाव्या लागतात.