स्वायत्त कार्यगट

एखादे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका लहान गटाकडे सोपवून ते कोणी, कोणत्या क्रमाने व कसे करायचे हे त्या गटालाच ठरवू देणारी कार्यरचना. उद्दिष्ट, यंत्रसामग्री व मजुरीचा दर बहुधा बाहेरूनच ठरत असल्याने काही अभ्यासक ‘अर्धस्वायत्त’ हे विशेषण अधिक नेमके मानतात, आणि ते मानण्याजोगे आहे. ‘स्वयंव्यवस्थापित टीम’ ही अलीकडच्या कंपनी-व्यवहारातील संज्ञा. हाताखालच्या माणसाच्या बारीकसारीक कामात साहेबाने सतत डोके घालणे, म्हणजे मायक्रोमॅनेजमेंट, यावरचा उतारा म्हणून या रचनेचा आता उल्लेख होतो. मूळ विचारात मात्र साहेबाच्या स्वभावाला फारसे स्थान नव्हते. भर होता तो कामाच्या आखणीवर.

संकल्पनेचा उगम सामान्यतः एरिक ट्रिस्ट व केनेथ बॅमफर्थ यांच्या १९५१ मधील लेखात मानला जातो. हे दोघे मानवी संबंधांचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे. त्यांपैकी बॅमफर्थने पूर्वी अठरा वर्षे कोळशाच्या खाणीत काम केले होते. लेखाचा विषय होता ब्रिटिश खाणींतील यांत्रिकीकरण. हाताने कोळसा काढण्याच्या जुन्या पद्धतीत दोन-तीन जणांची जोडी कोळसा फोडणे, भरणे, छताला टेकू देणे ही सगळी कामे स्वतः करी. ईशान्य इंग्लंडमधील डरहॅमकडे अशा जोडीदाराला ‘मॅरा’ म्हणत. जोडीदार खाणकामगार स्वतः निवडत आणि सगळ्यांची मजुरी एकाच पावतीवर येई, ती ते वाटून घेत. खाणीतील जागा दर तिमाहीला चिठ्ठ्या टाकून ठरत, त्यामुळे पाणी झिरपणारी वाईट जागा आज ना उद्या प्रत्येकाच्या वाट्याला येई. नंतर आलेल्या लांब भिंतीच्या (लाँगवॉल) पद्धतीने, म्हणजे कोळशाच्या थराची एक लांब सलग बाजू यंत्राने कापत जाण्याच्या पद्धतीने, ही घडी मोडली. भिंतीलगतची कामाची जागा सुमारे १८० ते २०० यार्ड लांब, दोन यार्ड रुंद आणि जेमतेम यार्डभर उंच. त्यात तीन पाळ्या: पहिली कोळसा कापणार, दुसरी वाहक पट्टा सरकवून वाट उघडणार, तिसरी भरणार. प्रत्येक कामाचा माणूस वेगळा, दर वेगळा. एका पाळीने ढिलाईने केलेले काम दुसऱ्या पाळीच्या गळ्यात पडे आणि शेवटी भरणाऱ्यांना ते निस्तरावे लागे. अंधाऱ्या, वाकून चालाव्या लागणाऱ्या त्या फटीत देखरेख करणाऱ्याला एका वेळी दिसणार किती? तरीही सगळ्या पाळ्यांचा मेळ घालण्याची जबाबदारी वरच्यांवरच होती. जुन्या जोड्यांत जे होते आणि येथे हरवले, त्याला लेखकांनी ‘जबाबदार स्वायत्तता’ म्हटले.

या शोधाचे श्रेय कोणाला, याबद्दल एकमत नाही. ट्रिस्टने १९८१ मध्ये दिलेल्या आढाव्यानुसार दक्षिण यॉर्कशरमधील एल्सकार खाणीच्या हेगमूर थरात, १९४९ च्या सुमारास, खाणकामगारांनी व्यवस्थापन आणि कामगार संघटनेच्या संमतीने स्वतःच गटपद्धती बसवली होती. बॅमफर्थला ती आपल्या जुन्या खाणीला दिलेल्या भेटीत दिसली. हा वृत्तांत घटनेनंतर तीसेक वर्षांनी लिहिलेला आहे, हे ध्यानात ठेवून वाचावा लागतो. तरीही रचना कामगारांची आणि तिचे नाव व सिद्धांत संशोधकांचे, असे म्हणणे उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते. मॅरा पद्धतीशी सरळ वारसा जोडण्याचा मोह मात्र आवरावा. दोन-तीन जणांची जोडी आणि तीन पाळ्यांत विभागलेला चाळीसेक जणांचा गट यांत अंतर बरेच आहे. इंग्लंडच्या मध्य भागातील ‘बटी’ पद्धतीशी तर गल्लत मुळीच करू नये. बटी हा उपकंत्राटदार असे. गट त्याच्या हाताखाली राबे.

पुढे ट्रिस्ट व सहकाऱ्यांनी डरहॅममध्ये केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९६३ मध्ये ग्रंथरूपाने आले. त्यात तुलनेने सारख्या दोन भिंतींपैकी पारंपरिक विभागणीच्या भिंतीवर संभाव्य उत्पादनाच्या ७८ टक्के, तर एकत्रित गटाच्या भिंतीवर ९५ टक्के काम झाल्याचे दाखवले आहे. गैरहजेरीही या दुसऱ्या भिंतीवर कमी होती. येथे गट कामे व पाळ्या आपसांत फिरवीत असे आणि मजुरीची पावती पुन्हा एकच होती. अभ्यासक जॉन केली यांनी १९७८ मध्ये नेमका यावर आक्षेप घेतला: सुधारणेचा बराचसा वाटा स्वायत्ततेचा नसून बदललेल्या मजुरी-पद्धतीचा व वाढलेल्या श्रमाचा आहे. हा आक्षेप पूर्णपणे खोडला गेलेला नाही.

भारतातील प्रयोग अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये टॅव्हिस्टॉकच्याच ए. के. राइस यांनी १९५३ मध्ये सुरू केला. स्वयंचलित साच्यांच्या (मागांच्या) खात्यात २२४ साचे व २९ कामगार होते आणि त्यांच्यात तब्बल बारा प्रकारची कामे वाटलेली: विणकर, कांड्या भरणारा, तुटलेले धागे जोडणारा, जॉबर (मुकादम), तेलवाला, झाडूवाला इत्यादी. एक विणकर एवढे साचे सांभाळी, कांड्या भरणारा तेवढे, आणि दोघांचे आकडे जुळत नसल्याने कोणता माणूस कोणत्या विणकराचा हेच निश्चित नव्हते. नव्या मांडणीत ६४ साच्यांमागे सात जणांचा एक गट झाला. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी भरतीपासून साच्याच्या वाटपापर्यंत सर्वेसर्वा असलेल्या जॉबरशी ताडून पाहिले, तर हा बदल किती मोठा होता ते कळते. देखरेख करणाऱ्याचे काम गटाच्या आत नसून सीमेवर आहे, म्हणजे सूत वेळेवर पोचवणे, इतर खात्यांशी बोलणे आणि बाहेरची ओढाताण गटापर्यंत येऊ न देणे, हे राइस यांचे प्रतिपादन नंतरच्या ‘टीमवर विश्वास ठेवा’ छापाच्या उपदेशापेक्षा अधिक उपयोगी ठरले आहे. एरिक मिलर यांच्या १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात मात्र काही ठिकाणी पद्धत टिकलेली, तर काही ठिकाणी ती विरून जुनी विभागणी परतलेली आढळली.

नॉर्वेत आयनार थोर्सरूड व फ्रेड एमरी यांनी १९६० च्या दशकात मालक व कामगार संघटनांच्या सहकार्याने असेच प्रयोग केले. स्वीडनमध्ये व्होल्वोचा गटपद्धतीवर आखलेला काल्मार कारखाना १९७४ मध्ये सुरू झाला. व्होल्वोच्याच उद्देवाला येथील कारखान्यात लहान गट संपूर्ण मोटार जोडीत. तो कारखाना १९९३ मध्ये आणि काल्मार १९९४ मध्ये बंद झाला. कारण गटपद्धती की घटलेली मागणी, यावर बराच वाद झाला. क्रिस्तियन बेर्गग्रेन यांनी पद्धतीची बाजू घेतली, तर पॉल अ‍ॅडलर व रॉबर्ट कोल यांनी जपानी धर्तीची शिस्तबद्ध टीम श्रेष्ठ ठरवली.

टीकेची दुसरी दिशा जेम्स बार्कर यांची (१९९३). एका अमेरिकी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत पर्यवेक्षक हटवून गट नेमल्यावर गटांनी हजेरी व वेळेचे स्वतःचे नियम केले. प्रथम ते तोंडी होते, पुढे लेखी झाले. उशिरा येणाऱ्याकडे पूर्वीचा पर्यवेक्षक एखादे वेळी कानाडोळा करी. आता सगळे सहकारीच घड्याळाकडे पाहत असत.