अजिंठा दोनदा जळाला, पानांवर उरला

लंडनमधल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचं राष्ट्रीय कला ग्रंथालय मुळात होतकरू कारागिरांसाठी सुरू झालं. फ्रेंच रेशमी कापडासमोर ब्रिटिश माल नक्षीकामात फिका पडत होता. त्यावर उपाय म्हणून १८३७ साली सॉमरसेट हाउसमध्ये सरकारी डिझाइन शाळा निघाली, आणि तिच्या पुस्तकांतूनच हे ग्रंथालय वाढलं. १८५७ मध्ये संग्रहालय साउथ केन्सिंग्टनला आलं. तिथे संध्याकाळी गॅसचे दिवे लावत, कामावरून सुटलेल्या माणसालाही येता यावं म्हणून. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

याच साउथ केन्सिंग्टनमध्ये तयार झालेले जॉन ग्रिफिथ्स १८६५ साली मुंबईच्या जे. जे. कला शाळेत शिकवायला आले. त्याआधी रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून वर्षानुवर्षं अजिंठ्यात राहून भित्तिचित्रांच्या मोठाल्या नकला केल्या होत्या. त्यातल्या बहुतेक १८६६ च्या डिसेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. मग १८७२ पासून ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत जाऊ लागले. त्यांत पेस्तनजी बोमनजी होते. कॅनव्हासवर तैलरंगात केलेलं हे काम १८८५ पर्यंत चाललं. नकला लंडनला गेल्या, आणि १८८५ मध्येच साउथ केन्सिंग्टनला आग लागून त्यातल्याही कितीतरी जळाल्या.

त्यानंतर १८९६-९७ मध्ये ग्रिफिथ्स यांचा अजिंठ्यावरचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. त्यातली रंगीत पानं शिळाछापाची. या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो, एकच कागद पुन्हा पुन्हा दाबाखालून जातो, आणि तो केसभर सरकला तरी कमळाच्या पाकळीची कड फाटते. पहिल्या लेण्याच्या छतावरचे चौकोन, त्यांतले हंस, फळं, कमळवेलीतला हत्ती असे सुटे करून पाहायला मिळतात. नक्षी शिकणाऱ्याला तेच हवं असतं. लेण्यात मान वर करून, अंधारात, ते जमत नाही.

एक खंत मात्र नोंदवायलाच हवी. रंग उठून दिसावेत म्हणून नकला करताना मूळ चित्रांवर वार्निश चढवलं गेलं, आणि त्यानेच भिंतींचं नुकसान केलं. त्यामुळे भिंतीवर आज जी रेघ लागत नाही, ती शोधायला अभ्यासकाला कधीकधी या पानांकडेच वळावं लागतं.