कंटेनर अपडेटची स्वयंचलित तपासणी आणि सूचना : बेळगाव सीमाभाग

स्वतःच्या जागेत, स्वतःच्या यंत्रावर चालणाऱ्या सॉफ्टवेअर कंटेनरची, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या भागांसकट बांधून स्वतंत्र चालवलेल्या सॉफ्टवेअरची, नवी आवृत्ती निघाली आहे का हे ठराविक वेळाने आपोआप पाहायचे आणि निघाली असल्यास देखरेख करणाऱ्याला संदेश धाडायचा, अशी ही पद्धत. नवी आवृत्ती बसवणे हा त्यापुढचा टप्पा. काही साधने तोही परस्पर उरकतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात दुकानाचा हिशेब, कारखान्यातला साठा, वाचनालयाची पुस्तकयादी किंवा घरचे फोटो भाड्याच्या क्लाउडवर न ठेवता कोपऱ्यातल्या जुन्या संगणकावर ठेवायचे म्हटले, की हे काम कुणाच्या तरी गळ्यात पडतेच. तपासणीचे तंत्र आता बऱ्यापैकी बसलेले आहे. संदेश कुणाच्या हातात, कुठल्या भाषेत आणि किती वाजता पडतो, याची घडी मात्र ज्याची त्याला बसवावी लागते.

गरज का पडते

कंटेनर चालवणारे डॉकर हे साधन मार्च २०१३ मध्ये लोकांसमोर आले आणि २०१५ मध्ये ओपन कंटेनर इनिशिएटिव्हने इमेजचे, म्हणजे ज्यावरून कंटेनर उभा राहतो त्या तयार गठ्ठ्याचे, स्वरूप सर्वांसाठी सारखे करण्याचे काम हाती घेतले. तेव्हापासून सर्व्हरवरचे सॉफ्टवेअर आपल्या लायब्रऱ्यांसकट (लागणाऱ्या तयार कोडसकट) एका इमेजमध्ये बांधून मिळू लागले. मांडणी सोपी झाली, पण एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात उशिरा येते : यंत्रावरच्या उबुंटू किंवा डेबियन या लिनक्स प्रणालीला कितीही अपडेट केले, तरी कंटेनरच्या आतली ओपनएसएसएल ही सांकेतिकरणाची लायब्ररी जुनीच राहते. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लायब्ररीतला लॉगफोरशेल हा दोष उघड झाला तेव्हा पहिली धावपळ दुरुस्तीची नव्हतीच. आपल्याकडच्या कुठल्या कंटेनरात ही लायब्ररी दडली आहे हेच अनेकांना ठाऊक नव्हते.

तपासणी कशी होते

प्रत्येक इमेजला दोन प्रकारची ओळख असते. टॅग म्हणजे माणसाने दिलेले नाव, उदाहरणार्थ ‘१६’, ‘१६.४’ किंवा ‘लेटेस्ट’. डायजेस्ट म्हणजे मजकुरावरून काढलेला एसएचए-२५६ ठसा, ६४ अक्षरांचा. टॅग उद्या दुसऱ्या इमेजवर चिकटवता येतो. डायजेस्ट बदलता येत नाही. तपासणी करणारे साधन रजिस्ट्रीला, म्हणजे इमेज साठवणाऱ्या सर्व्हरला, विचारते, ‘या टॅगचा आजचा डायजेस्ट काय?’ आणि उत्तर आपल्याकडच्या डायजेस्टशी ताडून पाहते. वेगळा निघाला की संदेश. यासाठी पूर्ण इमेज उतरवावी लागत नाही, फक्त तिच्या वर्णनपत्राचा मथळा मागवला तरी भागते.

हा बारकावा पैशाचा नसला तरी मर्यादेचा आहे. नोव्हेंबर २०२० पासून डॉकर हब या रजिस्ट्रीने निनावी वापरकर्त्याला एका आयपी पत्त्यामागे ६ तासांत १०० आणि मोफत खाते असलेल्याला २०० इमेज उतरवण्याची मर्यादा घातली. नुसता मथळा मागवणे त्यात मोजले जात नाही, पूर्ण वर्णनपत्र मागवणे मोजले जाते. लहान गावांतल्या इंटरनेट जोडण्यांमध्ये अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता दिला जातो. अशा जोडणीवर आपण दिवसात दोनच इमेज उतरवल्या असतील, पण त्याच पत्त्यामागे असलेल्या कुणी शंभरी गाठली की नकार आपल्यालाही येतो. डॉकर हबवर मोफत खाते काढून तपासणी त्या खात्याने केली, की मोजणी पत्त्याऐवजी खात्यावर होते आणि प्रश्न मिटतो. याच सामाईक पत्त्यामुळे रजिस्ट्रीने बाहेरून आपल्या यंत्राला हाक मारणे, म्हणजे वेबहुक, इथे बहुधा जमत नाही. आपणच अधूनमधून जाऊन विचारायचे हा मार्ग राहतो, आणि खरे तर तेवढ्याने काम भागते.

केवळ डायजेस्टवर विसंबले तर गोंगाट फार होतो. अधिकृत इमेज आपल्या पायाभूत डेबियन किंवा अल्पाइन इमेजमध्ये दुरुस्ती झाली की पुन्हा बांधल्या जातात. पोस्टग्रेस या डेटाबेसची एक ओळही बदललेली नसते, तरी ‘१६’ या टॅगचा डायजेस्ट बदलतो. एकाच टॅगखाली इंटेल आणि आर्म अशा वेगवेगळ्या प्रोसेसरांसाठीच्या इमेज असतात, त्यांपैकी एखादीच बदलली तरी एकूण यादीचा डायजेस्ट वेगळा दिसतो. उलट ‘१६.४’ असा घट्ट टॅग धरला तर ‘१६.५’ निघाल्याचे डायजेस्ट कधीच सांगणार नाही. त्यासाठी रजिस्ट्रीतली टॅगांची यादी मागवून आवृत्ती क्रमांक ताडावे लागतात. अंदाधुंद नावे देणाऱ्या प्रकल्पांत हे चालत नाही. तिथे कुठले टॅग मोजायचे आणि कुठले सोडायचे याचे नियम हाताने लिहून द्यावे लागतात.

साधने

वॉचटॉवर हे सर्वांत परिचित. ते दर २४ तासांनी तपासते, नवी इमेज उतरवते, जुना कंटेनर थांबवून काढून टाकते आणि त्याच मांडणीने नवा उभा करते. फक्त कळव, हात लावू नकोस, अशीही त्यात सोय आहे. मूळ प्रकल्पाची १.७.१ ही आवृत्ती नोव्हेंबर २०२३ मधली असल्याने आता नव्याने सुरुवात करणाऱ्याने ते निवडण्याचे कारण उरलेले नाही. दियुन हे गो भाषेत लिहिलेले साधन केवळ सूचना देते, बसवण्याच्या फंदात पडत नाही. टेलिग्राम, ईमेल, मॅट्रिक्स, एनटीफाय, गॉटिफाय असे संदेश धाडण्याचे अनेक मार्ग त्याला येतात आणि संदेशाचा साचा आपल्या शब्दांत लिहिता येतो. व्हॉट्स अप डॉकरमध्ये ब्राउझरात पाहण्याजोगा फलक आहे. रेनोव्हेट वेगळ्या वाटेने जाते : मांडणीची फाइल गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत ठेवलेली असेल तर नव्या आवृत्तीचा बदल प्रस्ताव म्हणून पुढे ठेवते, सोबत प्रकाशन-टिपा जोडते. डॉकरला पर्याय असलेल्या पॉडमॅनमध्ये ही सोय अंगभूत आहे. कंटेनरला लेबल लावले की लिनक्समधल्या सिस्टमडीचा टायमर रोज मध्यरात्रीच्या सुमारास तपासतो आणि नवा कंटेनर उभा राहिला नाही तर जुन्यावर परततो.

यांतले काहीच नको असेल तर गिटहबवर प्रत्येक प्रकल्पाच्या प्रकाशनांचा फीड, म्हणजे नव्या आवृत्त्यांची आपोआप वाढणारी यादी, असतो. चार-पाचच कंटेनर असलेल्या घराला फीड वाचणारे कुठलेही अ‍ॅप पुरते, आणि असे घर त्यावरच थांबले तर बिघडत नाही.

कळवणे आणि बसवणे

ही दोन कामे एकाच साधनाकडे सोपवावीत का, यावर मतभेद आहेत. आपोआप बसवण्याच्या बाजूने मुद्दा सरळ आहे : माणूस विसरतो, दोष उघड झाल्यावर हल्लेखोर थांबत नाहीत. विरुद्ध बाजूचा मुद्दा साठवलेल्या डेटाच्या स्वरूपाचा आहे. पोस्टग्रेसच्या १५ वरून १६ वर उडी मारली तर जुनी डेटा-फोल्डर नवा सर्व्हर वाचतच नाही. आधी डेटा बाहेर काढून पुन्हा भरावा लागतो किंवा रूपांतराचे साधन चालवावे लागते. १८ व्या आवृत्तीच्या अधिकृत इमेजने तर डेटा ठेवण्याची जागाच बदलली. फाइल साठवणाऱ्या नेक्स्टक्लाउडला मुख्य आवृत्त्या एकेक पायरीनेच चढाव्या लागतात, मधली गाळता येत नाही. मुंबईच्या फ्रापे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे व्यवसायाचा कारभार सांभाळणारे सॉफ्टवेअर बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्यात बसवले आहे असे समजा : इमेज बदलली तरी डेटाबेसच्या रचनेचे स्थलांतर वेगळी आज्ञा देऊनच होते. ती दिली नाही तर नवा कोड आणि जुनी तक्ते-रचना एकमेकांशी भांडतात आणि सकाळी चलन निघत नाही.

आणखी एक बाजू मार्च २०२४ मध्ये दिसली. एक्सझेड युटिल्स या फाइल आवळणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम चोरवाट घातलेली आढळली (सीव्हीई-२०२४-३०९४). नवे ते आधी उचलणाऱ्यांच्या वाट्याला तो धोका आला, सावकाश चालणारे वाचले. रेनोव्हेटमध्ये म्हणूनच नवी आवृत्ती काही दिवस ‘मुरू’ देण्याची सोय आहे. व्यवहारात टिकलेली वाटणी अशी : ज्या कंटेनरात स्वतःचा डेटा नाही, जसे प्रॉक्सी (मागण्या पुढे पोचवणारा मधला सर्व्हर) किंवा स्थिर संकेतस्थळ, ते आपोआप, डेटाबेस आणि त्यावर उभे असलेले सारे हाताने, बॅकअप घेऊन. सरसकट ‘लेटेस्ट’ टॅग आणि सरसकट आपोआप बसवणे ही जोडी मात्र टाळलेलीच बरी.

सुरक्षेचा एक मुद्दा वारंवार दुर्लक्षिला जातो. ही साधने डॉकरच्या सॉकेटवर, म्हणजे त्याला आज्ञा देण्याच्या वाटेवर, बसतात, आणि सॉकेट ज्याच्या हाती त्याच्या हाती पूर्ण यंत्र. फक्त वाचण्यापुरती वाट देणारा प्रॉक्सी मध्ये घालणे हा उपाय आहे. केवळ सूचना हवी असणाऱ्याला तेवढे पुरते.

सीमाभागातला वापर

बेळगावात विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून आहे, भोवती अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, आणि तिथून शिकलेली मुले पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरीला जातात. सर्व्हर उभा करणारा आणि सर्व्हरजवळ बसणारा त्यामुळे अनेकदा वेगळे असतात. मुलगा हिंजवडीत, यंत्र शहापूरच्या दुकानात, आणि दुकानात काका किंवा मराठी-कन्नड बोलणारा हिशेबनीस. तांत्रिक संदेश काकांच्या फोनवर आला तर ते घाबरतात किंवा पुसून टाकतात. मुलाच्याच फोनवर आला तर दुकान कधी गजबजलेले असते हे त्याला तिथून दिसत नाही. यावर दोन संदेशांची रीत चांगली. पहिला मुलाला : कुठली इमेज, कुठून कुठे, प्रकाशन-टिपांचा दुवा. दुसरा, मुलाने वेळ ठरवल्यावर, दुकानाला : ‘काका, आज रात्री १० ते १०.३० हिशेबाचं सॉफ्टवेअर बंद राहील. बिलं आधी करून घ्या.’ हाच मजकूर कन्नडमध्येही साच्यात ठेवता येतो. एसएमएसचा मोह इथे सोडावा लागतो. व्यावसायिक एसएमएससाठी प्रेषक आणि मजकुराचा साचा आधी दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी नोंदणीत मंजूर करून घ्यावा लागतो, शिवाय देवनागरीत किंवा कन्नड लिपीत एका एसएमएसात ७० अक्षरेच मावतात. एनटीफायच्या सार्वजनिक सर्व्हरवर विषयाचे नाव ज्याला ठाऊक त्याला संदेश वाचता येतो, म्हणून ‘दुकान’ किंवा ‘बेळगाव’ असले सहज सुचणारे नाव ठेवणे म्हणजे आपले कुठले सॉफ्टवेअर जुने आहे याची यादी चव्हाट्यावर मांडणे.

वेळेची गफलत फार ठिकाणी होते. कंटेनरचे घड्याळ बहुधा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, असते. क्रॉन या कामांच्या वेळापत्रकात पहाटे ३ लिहिले आणि एशिया/कोलकाता हा वेळविभाग सांगायचा राहिला, तर काम आपल्या घड्याळात सकाळी ८.३० ला सुरू होते. गणपत गल्लीत दुकानाचे शटर वर जायला लागते त्याच सुमारास.

वीज हा दुसरा भाग. मे महिन्यातल्या वळवात आणि पुढे पावसाळाभर, विशेषतः खानापूर तालुक्याच्या जांबोटी-कणकुंबीकडच्या घाटाच्या बाजूला, लाइट जाणे नेहमीचे. इमेज उतरत असताना लाइट गेली तर फारसे बिघडत नाही. पूर्ण उतरलेले थर राहतात, चालू कंटेनरला धक्का लागत नाही. धोका त्यापुढच्या क्षणांत आहे : जुना कंटेनर काढून टाकला आहे, नवा अजून उभा केलेला नाही, आणि यंत्र बंद पडले. पुन्हा सुरू झाल्यावर डॉकर आपोआप चालू करतो ते अस्तित्वात असलेले कंटेनर. काढून टाकलेला तो कुठून आणणार? कंटेनरची मांडणी लिहिलेली कंपोजची फाइल जवळ असेल तरच तो परत उभा राहतो. डेटाबेसच्या स्थलांतराच्या मध्यात लाइट गेली तर बॅकअपशिवाय गत्यंतर नसते. जून ते सप्टेंबर बसवणे पूर्ण हातावर ठेवावे आणि ते यूपीएस भरलेला असताना दिवसाउजेडी करावे, हा शहाणपणा कुठल्याही साधनाच्या माहितीपत्रात सापडणार नाही.

भाषेचाही एक नमुनेदार अडथळा आहे. जमिनीचे उतारे, जुने करार, पावत्या स्कॅन करून ठेवण्यासाठी पेपरलेस-एनजीएक्स वापरतात. त्याच्या इमेजमध्ये मराठी आणि कन्नड अक्षरओळखीचे संच आधीपासून नसतात. मांडणीत मागितले तर नवा कंटेनर पहिल्यांदा सुरू होताना ते इंटरनेटवरून उतरवले जातात. म्हणजे रात्री आपोआप अपडेट झाले आणि नेमके त्याच वेळी नेट नव्हते, तर सॉफ्टवेअर सुरू झाल्यासारखे दिसते पण कागद मराठीत शोधता येत नाहीत. अपडेटनंतर एक मराठी आणि एक कन्नड कागद टाकून पाहणे, ही इथली तपासणी.

संदेश येत नाही तेव्हा

महिनाभर काहीच आले नाही, याचे दोन अर्थ होतात आणि ते बाहेरून सारखेच दिसतात. एक, तपासणारे साधनच बंद पडले आहे : राउटर जळाला, प्रवेशाचे टोकन संपले, डिस्क भरली. जुन्या इमेज न काढता साठवत गेल्यास डिस्क भरतेच. दियुनला दर तपासणीनंतर ‘मी जिवंत आहे’ असा ठोका बाहेरच्या एखाद्या सेवेला देता येतो; ठोका चुकला की ती सेवा कळवते, आणि ती आपल्या छताखाली नसल्याने लाइट गेली तरी काम करते.

दुसरा अर्थ जास्त फसवा. पोस्टग्रेसच्या प्रत्येक मुख्य आवृत्तीला ५ वर्षे आधार मिळतो; १२ व्या आवृत्तीची शेवटची दुरुस्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये निघाली. ‘१२’ हा टॅग धरून बसलेल्याला त्यानंतर डेटाबेसच्या नव्या दुरुस्तीचा संदेश येण्याचा प्रश्नच नाही, कारण नवे काही निघतच नाही. तपासणीच्या दृष्टीने सारे अद्ययावत, प्रत्यक्षात दोष साचत चाललेले. म्हणून वापरातल्या प्रत्येक सॉफ्टवेअरची आधार संपण्याची तारीख वेगळी लिहून ठेवावी लागते, आणि ती नोंद पुण्याच्या लॅपटॉपात न ठेवता दुकानातल्या वहीत, यंत्राच्या पासवर्डाशेजारी नव्हे पण काकांना सापडेल अशा जागी असावी.